लेकी बोले सुने लागे: जुन्या व्यंगचित्रांतले चोर, दरोडेखोर आणि मंत्री

१७२५ च्या मे महिन्यात लंडनमध्ये एक छापील आमंत्रणपत्रिका फिरत होती. लग्नाची नाही, फाशीची. ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या तमाम चोर, वेश्या आणि खिसेकापूंना सविनय विनंती, की आपले परममित्र, धर्मशील मिस्टर जे. डब्ल्यू. हे आपल्या व्हिटिंग्टन कॉलेजातल्या निवासस्थानातून निघून टायबर्नच्या फाशीच्या तिकटीकडे शेवटचं प्रस्थान ठेवणार आहेत, तरी आपण सोबतीला यावं, आणि येताना ही पत्रिका आणायला विसरू नये. असा एकंदर मजकूर. व्हिटिंग्टन कॉलेज म्हणजे न्यूगेटचा तुरुंग, कारण रिचर्ड व्हिटिंग्टन नावाच्या जुन्या मेयरने मागे ठेवलेल्या पैशातून तो पूर्वी कधीतरी नव्याने बांधला होता. आणि जे. डब्ल्यू. म्हणजे जोनाथन वाइल्ड.

हा वाइल्ड काय चीज होती ते आधी सांगतो, कारण पुढे तो परत येणारे. बाहेरून बघाल तर चोर पकडून देणारा समाजसेवक. तेव्हा लंडनमध्ये आजच्यासारखे पोलीसच नव्हते, त्यामुळे दरोडेखोर पकडून दिला आणि त्याच्यावर गुन्हा शाबीत झाला की सरकार ४० पौंड बक्षीस द्यायचं, आणि वाइल्ड ते नेमाने घ्यायचा. आतून मात्र चोरांची टोळी त्याचीच. टोळीने माल चोरायचा, याने मालकाला निरोप धाडायचा की तुमचं घड्याळ सापडण्यासारखं आहे, थोडा खर्च येईल. आणि टोळीतला कोणी डोईजड झाला की त्यालाच धरून द्यायचा, वर ४० पौंड. दोन्हीकडून मलई. शेवटी स्वतः अडकला आणि २४ मे १७२५ ला टायबर्नला लटकला.

त्या काळची अशी चित्रं आणि छापील थट्टा बघताना एक गोष्ट डोक्यात ठेवायची. त्यात गुन्हेगार दिसला म्हणजे चित्र त्याच्याबद्दलच असतं असं नाही, बऱ्याचदा तो फक्त काठी असतो आणि पाठ दुसऱ्याच कोणाची असते. आपल्याकडे म्हणतात ना, लेकी बोले सुने लागे, तोच प्रकार. आता लेक कोण आणि सून कोण, हे चित्राचित्रागणिक बदलतं, आणि ते ओळखता आलं की ही जुनी धुरकट काळी-पांढरी चित्रं एकदम बोलायला लागतात.

आता ही चित्रं म्हणजे नेमकं काय. वर्तमानपत्रातलं कोपऱ्यातलं कार्टून डोळ्यासमोर आणू नका. १८ व्या शतकातल्या लंडनमध्ये हे सुटे प्रिंट असायचे, एकेक कागद, दुकानातून विकत घ्यायचा. तांब्याची प्लेट घ्यायची, तिच्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्या थरावर सुईने चित्र ओरखडायचं, मग प्लेट ॲसिडमध्ये बुडवायची, म्हणजे जिथे थर निघालाय तिथे तांबं खाल्लं जातं आणि खाचा पडतात. त्या खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची, ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. छापताना चित्र उलटं होतं, डावं ते उजवं, म्हणून चित्रकाराला सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं कोरावं लागायचं (आणि घाईत कधी विसरला की चित्रातली सगळी माणसं डावखुरी). तांबं मऊ असल्यामुळे काही हजार प्रती काढल्या की प्लेट झिजायची.

साधा प्रिंट ६ पेन्स (अर्धा शिलिंग) ते १ शिलिंगला मिळायचा, हाताने रंगवलेला असेल तर जास्त. शिलिंग म्हणजे तेव्हाच्या अंगमेहनतीच्या मजुराच्या दिवसाच्या कमाईतला मोठा वाटा, त्यामुळे घेणारे सुखवस्तूच. पण बघायला पैसे कुठे लागत होते? दुकानदार नवे प्रिंट काचेच्या खिडकीत लावायचे आणि बाहेर ही गर्दी. जेम्स गिलरे हा त्या काळातला सगळ्यात तिखट व्यंगचित्रकार, तो हॅना हम्फ्री नावाच्या बाईंच्या दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहायचा आणि त्या दुकानाच्या खिडकीसमोरची गर्दी १८०८ च्या एका प्रिंटमध्ये दिसते. पुढे एक म्हातारा बर्फावरून घसरून आडवा पडलाय आणि मागची मंडळी त्याच्याकडे ढुंकूनही न बघता खिडकीतली चित्रं बघण्यात दंग!

आणि हे सगळं चालू द्यायचे कसे? तर इंग्लंडमध्ये छापण्याआधी सरकारची परवानगी घ्यायचा कायदा १६९५ मध्येच संपला होता. १७३७ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलने नाटकांवर परवान्याची सक्ती आणली पण प्रिंट त्यात नव्हते. छापल्यानंतर खटला भरता यायचा, पण व्यंगचित्रावर खटला म्हणजे कोर्टात उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं की हो, चित्रातला तो ढेरपोट्या लबाड म्हणजे मीच. कोण सांगणार?

दुसरी बाजू शिक्षेची. १६८८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये फाशीची शिक्षा असलेले गुन्हे पन्नासेक होते, १९ व्या शतकाच्या सुरुवातीला ते दोनशेच्या वर गेले. राहत्या घरातून ४० शिलिंगचा माल चोरला तरी फाशी. प्रत्यक्षात बऱ्याच जणांना माफी किंवा काळ्या पाण्यासारखी हद्दपारी मिळायची, पण कायद्यात फाशीच. आणि ती भर रस्त्यात. म्हणजे गुन्हेगार हे तेव्हा सगळ्यांना तोंडओळख असलेलं पात्र होतं, आणि चित्रकाराला ओळखीचंच पात्र लागतं.

आता मूळ माणसाकडे येऊ. विल्यम होगार्थ. १७३२ मध्ये त्याने सहा प्रिंटची एक मालिका काढली, खेड्यातून लंडनला आलेल्या एका पोरीची, जी वेश्या होते आणि तरुणपणीच मरते. पहिलं चित्र बघा. पोरगी नुकतीच गाडीतून उतरलीय, टोपी, कात्री अडकवलेली, म्हणजे शिवणकाम शोधायला आलीय. समोर एक नटलेली बाई तिची हनुवटी धरून चौकशी करतेय. मागे दारात एक म्हातारा हात खिशात घालून तिच्याकडे बघतोय, आणि तो हात खिशात नक्की काय करतोय हे होगार्थने बघणाऱ्यावर सोडलंय.

आपल्याला हे सगळे काल्पनिक वाटतात. १७३२ मधल्या माणसाला मात्र नावं पाठ होती. ती बाई म्हणजे मदर नीडम, लंडनमधली प्रसिद्ध कुंटीण. १७३१ मध्ये तिला पिलरीची शिक्षा झाली, म्हणजे लाकडी चौकटीत अडकवून भर चौकात लोकांच्या ताब्यात, आणि लोकांनी इतकं मारलं की दोनतीन दिवसांत ती मेली. दारातला म्हातारा म्हणजे कर्नल फ्रान्सिस चार्टरिस, सावकारी आणि जुगारातून गब्बर झालेला. १७३० मध्ये मोलकरणीवर बलात्कार केल्याबद्दल त्याला फाशी सुनावली गेली, आणि थोड्याच दिवसांत राजाची माफी मिळून तो बाहेर. आता तिसऱ्या चित्रावर या. पोरीच्या खोलीत पलंगाच्या वर एक विगचा डबा आहे आणि त्यावर नाव लिहिलंय, जेम्स डाल्टन. हा वाटमारी करणारा दरोडेखोर, १७३० मध्येच फासावर गेला. मागच्या दारातून पोरीला पकडायला मॅजिस्ट्रेट शिरतोय, तोही खराखुरा, सर जॉन गॉन्सन, वेश्यांवर धाडी टाकण्यासाठी गाजलेला. चौथ्या चित्रात पोरगी ब्राइडवेलच्या तुरुंगात उभी राहून ताग कुटतेय, अंगावर अजून तोच भरजरी झगा.

म्हणजे गरीब दरोडेखोर फासावर, कुंटीण लोकांच्या मारानं मेली, पोरगी ताग कुटतेय, आणि फाशी सुनावलेला श्रीमंत बलात्कारी माफी घेऊन घरी. होगार्थने कुठे एक ओळ भाषण लिहिलेलं नाही, फक्त ओळखीचे चेहरे एकाच गोष्टीत नेऊन बसवले, बाकीचा हिशोब बघणाऱ्याने आपोआप केला. माझ्या मते हे त्याचं सगळ्यात धारदार काम आहे, नंतरची उपदेशाची चित्रं याच्यापुढे बाळबोध वाटतात.

मालिका तुफान चालली, एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग किंमत असूनही, आणि मग चोरांनीच हात साफ केला. दुसऱ्या छापखानेवाल्यांनी धडाधड नकला काढल्या. चोरीवर चित्र काढलं तर चित्राचीच चोरी. होगार्थ असा काही चिडला की चित्रकारांना घेऊन पार्लमेंटमागे लागला आणि १७३५ मध्ये प्रिंटच्या कॉपीराइटचा कायदाच करून घेतला, १४ वर्षांचं संरक्षण. पुढची मालिका तयार होती तरी कायदा लागू होईपर्यंत त्याने दाबून ठेवली.

आता मोठा प्रश्न. गुन्हेगार दिसतो कसा? म्हणजे कपाळावर काही लिहिलेलं असतं का?

आपण व्यंगचित्र म्हटलं की लांबलचक नाक, वटारलेले डोळे असं धरून चालतो. होगार्थला हे आवडायचं नाही. चेहऱ्यातून स्वभाव दाखवणं वेगळं आणि चेहरा ओढून ताणून विद्रूप करणं वेगळं, असं त्याचं म्हणणं, आणि १७४३ मध्ये शंभरेक चेहऱ्यांचा एक प्रिंट काढून त्याने ते दाखवूनही दिलं. त्यामुळे त्याचे गुन्हेगार बहुतेकदा साधे, तुमच्याआमच्यासारखे दिसतात. १७३३ मध्ये सेरा माल्कम नावाच्या विशीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईवर तीन खुनांचा आरोप होता, एक म्हातारी मालकीण आणि तिच्या दोन नोकराणी. फाशीच्या दोन दिवस आधी होगार्थ आपल्या सासऱ्याला, सर जेम्स थॉर्नहिलना घेऊन न्यूगेटमध्ये गेला आणि तिचं चित्र काढलं. (सासरेबुवाही या बाबतीत अनुभवी, तुरुंग फोडून चारदा पळालेल्या जॅक शेपर्डचं चित्र त्यांनी १७२४ मध्ये याच तुरुंगात काढलं होतं.) चित्रात एक बाई टेबलावर हात टेकून शांत बसलीय, बाजूला बघतेय, बस. प्रिंट ६ पेन्सला विकला.

या सेराचा खटला वाचण्यासारखा आहे. तेव्हा अशा खटल्यात आरोपीचा वकील बहुतेक नसायचाच, तिने स्वतः साक्षीदारांना उलटसुलट प्रश्न विचारले. चोरीत होते पण खून मी केला नाही, असं शेवटपर्यंत म्हणत राहिली, आणि कपड्यांवरचं रक्त मासिक पाळीचं आहे असं भर कोर्टात, सगळ्या पुरुषांसमोर सांगितलं. १७३३ मध्ये! कोणी ऐकलं नाही. होगार्थबद्दल सांगतात की तो म्हणाला, हिच्या चेहऱ्यावरूनच कळतं ही काय वाटेल ते करू शकेल. पण त्याचं चित्र बघा, त्यात तसं काहीच दिसत नाही. हात डोक्यापेक्षा प्रामाणिक निघाला म्हणायचं.

मग १७७० च्या दशकात योहान कास्पर लाव्हाटर नावाच्या स्विस पाद्रीने चेहऱ्यावरून स्वभाव ओळखायचं 'शास्त्र' लिहिलं आणि ते युरोपभर चाललं. कपाळ असं तर बुद्धी, जबडा असा तर क्रूर, वगैरे. आज कोणी याला शास्त्र म्हणत नाही, पण तेव्हा ड्रॉइंगरूममधल्या गप्पांचा हा लाडका विषय, आणि व्यंगचित्रकाराला तर आयतंच हत्यार. १७९८ मध्ये गिलरेने विरोधी पक्षाच्या सात पुढाऱ्यांचे चेहरे काढले आणि प्रत्येकामागे त्याच चेहऱ्याची एक 'खरी' आवृत्ती. चार्ल्स जेम्स फॉक्सच्या मागे सैतान. शेरिडनच्या मागे पैशाची थैली घेतलेला जुडास, येशूला दगा देणारा. आणि स्टाइलबाज फ्रान्सिस बर्डेटच्या मागे सिक्स्टीन स्ट्रिंग जॅक, म्हणजे जॉन रॅन, १७७४ मध्ये फासावर गेलेला नखरेल दरोडेखोर, जो गुडघ्याला सोळा फिती बांधून मिरवायचा. बघा, फाशीला चोवीस वर्षं होऊन गेली तरी नाव सांगितलं की लोकांना चेहरा आठवत होता.

इथे गंमत अशी की लाव्हाटरचं म्हणणं चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखा, आणि गिलरे ते घेऊन लावतोय कोणावर, तर खासदारांवर. खऱ्या चोराचा चेहरा त्याला नकोच होता. आणि होगार्थ? म्हातारपणी तोही घसरलाच. १७६३ मध्ये राजावर टीका छापल्याबद्दल जॉन विल्क्सला पकडलं, तेव्हा कोर्टात बसून होगार्थने त्याचं स्केच केलं आणि प्रिंट काढला, तिरळे डोळे, छद्मी हसू आणि विगचे केस सैतानाच्या शिंगांसारखे वळलेले. काहीशे नाही, हजारोंनी प्रती खपल्या. पण विल्क्स मूळचाच तिरळा आणि भलताच खेळकर, तो म्हणे नंतर सांगायचा की मी दिवसेंदिवस त्या चित्रासारखाच दिसायला लागलोय. ज्याला बदनाम करायला चित्र काढलं, त्याच्या चाहत्यांनीच ते घरात लावावं, याच्यापुढे चित्रकार काय करणार.

मधल्या काळातली होगार्थची उपदेशाची चित्रं थोडक्यात आटोपतो. १७४७ ची बारा प्रिंटची मालिका, दोन शिकाऊ विणकर, एक कष्टाळू आणि एक आळशी. कष्टाळू मालकाच्या मुलीशी लग्न करून लंडनचा मेयर, आळशी टायबर्नला. चित्रांच्या चौकटीवर एका बाजूला चाबूक, बेड्या आणि फास काढलेत, दुसऱ्या बाजूला मेयरची सोन्याची साखळी, म्हणजे निकाल पहिल्याच चित्रात लागलेला. मालकांनी विकत घेऊन आपल्या कामावरच्या पोरांना दाखवावीत असा हिशोब. पण अकरावं चित्र, फाशीच्या दिवसाचं, तिथे होगार्थचा हात परत सुटतो. कैदी गाडीत स्वतःच्या शवपेटीला टेकून बसलाय, फाशी देणारा तिकटीवर पाइप ओढत निवांत पहुडलाय, बसून बघायला प्रेक्षकांसाठी लाकडी गॅलरी आहे, आणि अगदी पुढे कडेवर पोर घेतलेली एक बाई ओरडून कागद विकतेय, फाशी गेलेल्या कैद्याचे शेवटचे शब्द. कैदी तर अजून जिवंत आहे! हे कागद आधीच छापून तयार असायचे. उपदेश कष्टाळू-आळशीचा चाललाय आणि नजर जाते ती गर्दीकडे, जिच्यात एका माणसालाही काही धडा बिडा मिळालेला दिसत नाही.

१७५१ मधली चार चित्रं तर बघवत नाहीत. टॉम नीरो लहानपणी कुत्र्याचे हाल करतो, मोठा होऊन घोड्याला मारतो, मग गरोदर प्रेयसीचा खून, आणि शेवटी फासावरून उतरवलेल्या त्याच्या देहाची सर्जन लोक चिरफाड करतायत, एक कुत्रा त्याचं काळीज खातोय. त्या चित्रात मुख्य सर्जन मोठ्या खुर्चीत न्यायाधीशासारखा बसलाय, हातातल्या काठीने मृतदेहाकडे दाखवतोय, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच नाही. कोनाड्यांत दोन सांगाडे आहेत, त्यातला एक मॅक्लेन म्हणून, हा नुकताच १७५० मध्ये फाशी गेलेला 'जंटलमन' दरोडेखोर, ज्याला भेटायला तुरुंगात खानदानी बायकांची रीघ लागली होती. खुन्यांच्या देहाची चिरफाड करायचा कायदा पुढच्याच वर्षी लागू झाला. ही मालिका अगदी गरिबांपर्यंत जावी म्हणून होगार्थने दोन चित्रं स्वस्तात लाकडात कोरून घेतली, पण तो खर्च उलट जास्त झाला आणि बेत सोडावा लागला.

आता वाइल्डकडे परत. तो मेला, पण त्याचा धंदा साहित्यिकांनी आणि चित्रकारांनी चालू ठेवला. टोळी पोसायची, लूट वाटून घ्यायची, नकोसा झालेल्याला लटकवायचं, आणि वर स्वतः कायद्याचा रखवालदार म्हणवायचं, हे वर्णन पंतप्रधान वॉलपोलला टोपीसारखं चपखल बसतंय हे लोकांच्या लगेच लक्षात आलं. दोघांनाही टोमण्यात 'ग्रेट मॅन' म्हणायचे. १७२८ मध्ये जॉन गे या नाटककाराचं चोरांच्या टोळीवरचं संगीत नाटक आलं, त्यातला चोरीचा माल घेणारा म्हणजे वाइल्ड हे उघड आणि वॉलपोल हे अर्धं उघड, पहिल्याच हंगामात ६२ प्रयोग. होगार्थने त्या नाटकातल्या तुरुंगाच्या प्रवेशाची एकामागून एक अनेक पेंटिंग्ज केली. इथे लेक कोण, सून कोण, हे आता तुम्हीच सांगाल.

पण ही काठी दोन्ही बाजूंनी चालते, हे विसरू नका. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज हिंदुस्थानातून परतला तेव्हा खासदार एडमंड बर्कने त्याच्यावर लूट आणि जुलमाचे आरोप ठेवले. मे १७८६ मध्ये गिलरेचा प्रिंट आला. आपल्याला वाटेल हेस्टिंग्जला लुटारू दाखवला असेल. तर उलटंच! हेस्टिंग्ज झुलीच्या उंटावर शांत बसलाय, हातात ढाल, सोबत रुपयांच्या आणि जिंकलेल्या प्रदेशांच्या थैल्या, आणि बर्क, फॉक्स आणि माजी पंतप्रधान नॉर्थ हे तिघं डाकूंच्या वेषात त्याच्यावर तुटून पडतायत, बर्क बंदूक झाडतोय, फॉक्सच्या हातात खंजीर, नॉर्थचा हात सरळ थैलीवर. ज्याने जाब विचारला तोच डाकू. म्हणून व्यंगचित्रकार म्हणजे गरिबांचा कैवारी असं समजून चालू नका, तो विकणारा माणूस होता, आणि वारा कुठला आहे ते त्याला कळायचं. हेस्टिंग्जवरचा खटला १७८८ ते १७९५ असा सात वर्षं चालला आणि तो निर्दोष सुटला.

असंच १८२९ चं. आदल्याच वर्षी एडिंबरामध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी (हा बर्क वेगळा) माणसं गुदमरवून मारून त्यांचे देह शरीरशास्त्राच्या डॉक्टरला विकले, सोळा खून. १८२९ मध्ये विल्यम हीथने प्रिंट काढला, पंतप्रधान वेलिंग्टन आणि गृहमंत्री पील एका म्हातारीला गुदमरवतायत, म्हातारीचं नाव मिसेस राज्यघटना, वय १४१. वय तेवढंच का? १६८८ ची क्रांती आणि त्यानंतर ठरलेला प्रोटेस्टंट कारभार, त्याला १८२९ मध्ये १४१ वर्षं झाली होती, आणि हे दोघं कॅथलिकांना पार्लमेंटचे दरवाजे उघडत होते. वर्तमानपत्रातल्या खुनाची शाई वाळायच्या आत तो राजकारणात वापरून मोकळे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त हलवून गेलेलं काम मात्र जॉर्ज क्रुकशँकचं आहे, आणि त्यात एकाही गुन्हेगाराचा चेहरा धड दिसत नाही. पार्श्वभूमी अशी. फ्रान्सशी युद्ध चालू असताना १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटेच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं आणि १ व २ पौंडांच्या छोट्या नोटा काढल्या. तोपर्यंत नोट म्हणजे श्रीमंतांची चीज, आता ती भाजी घेणाऱ्याच्या हातात आली. नोट इतकी साधी की नक्कल करणं म्हणजे डाव्या हाताचा मळ. आणि शिक्षा? खोटी नोट चालवली तरी फाशी, नुसती जवळ सापडली तर १४ वर्षं हद्दपारी. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला नोट खरी की खोटी काय कळणार? १७९७ ते १८२१ या काळात अशा नोटांपायी तीनशेहून जास्त माणसं फासावर गेली.

क्रुकशँकने पुढे म्हातारपणी सांगितलं की एका सकाळी तो न्यूगेटवरून जात होता, तिथे काही माणसं लटकत होती, त्यात बायकाही, आणि विचारल्यावर कळलं की १ पौंडाच्या खोट्या नोटा चालवल्या म्हणून. घरी जाऊन त्याने जे काढलं ते विल्यम होनने १८१९ च्या जानेवारीत छापलं. ते चित्र म्हणजे एक नोटच. लांबून बघितलं तर बँकेची वाटावी अशी. जवळ घेतलं की मधोमध ओळीने लटकणारी माणसं. पौंडाचं चिन्ह फासाच्या दोरीचं. नोटेवर ब्रिटनचं प्रतीक म्हणून असते त्या ब्रिटानियाच्या जागी एक बाई पोर खातेय. आणि बँकेच्या अधिकाऱ्याची सही असते तिथे सही आहे जे. केच. जॅक केच हा १७ व्या शतकातला जल्लाद, पुढे सगळ्याच जल्लादांना लोक त्याच नावाने ओळखायला लागले.

याची कल्पकता बघा. बनावट नोटेसाठी माणसं मारणाऱ्या बँकेची त्याने बनावट नोटच काढली, फक्त अशी की तिला खरी समजणं शक्य नाही. त्याच्या म्हणण्यानुसार होनच्या दुकानासमोर एवढी गर्दी झाली की रस्ता मोकळा करायला माणसं पाठवावी लागली. या एका चित्राने या फाशा थांबल्या असंही तो सांगायचा, ते मात्र जरा फुगवून आहे. त्याआधीच लोक संतापले होते, ज्यूरी आरोपींना सोडायला लागल्या होत्या, आणि १८२१ मध्ये सोन्याचे व्यवहार परत सुरू होऊन छोट्या नोटा मागे पडल्या. पण त्या संतापाला एका कागदावर आणलं ते यानेच. आणि हा काही साधुपुरुष नव्हे, दुसऱ्याच वर्षी आपली अब्रू चित्रात काढू नये म्हणून चौथ्या जॉर्ज राजाने त्याला १०० पौंड दिले आणि त्याने ते घेतले.

आता खाडी ओलांडून फ्रान्समध्ये जाऊ, कारण तिथे गोष्ट आणखी एक वळण घेते, चित्रकारच गुन्हेगार ठरतो. लुई फिलिप राजाला ऑनोरे दोमिएने १८३१ मध्ये राक्षसासारखं दाखवलं, खुर्चीत बसून गरिबांच्या पैशांच्या टोपल्या गिळतोय. सहा महिने कैद. त्याचा संपादक शार्ल फिलिपाँ, ज्याने राजाचा चेहरा हळूहळू नासपती होत जातो हे कोर्टात काढून दाखवलं, तोही तुरुंगात जाऊन आला. जुलै १८३५ मध्ये राजावर एकदम अनेक नळ्या झाडणाऱ्या बंदुकीच्या यंत्राने हल्ला झाला, राजा वाचला, आणि सप्टेंबरमध्ये सरकारने व्यंगचित्रांना आधी परवानगी घ्यायची सक्ती केली. आता राजाचं चित्र बंद.

मग यांनी काय केलं? एक चोर उसना घेतला. रॉबर्ट माकेर हा रंगमंचावरचा भामटा, मूळ एका रडक्या नाटकातला खुनी, पण नटाने तो असा काही विनोदी केला की लोक त्याच्याच प्रेमात पडले. फाटका कोट, डोळ्यावर पट्टी, हातात काठी, सोबत बेर्त्रां नावाचा हडकुळा चेला. १८३६ पासून दोन वर्षांत दोमिएने याच्यावर शंभर चित्रं काढली, मजकूर फिलिपाँचा. आणि हा माकेर घरफोडी करत नाही. तो कंपनी काढतो, शेअर विकतो, वकील होतो, डॉक्टर होतो, जाहिराती करतो. राजाचं नाव कुठेच नाही, पण सावकार आणि सट्टेबाजांना डोक्यावर बसवणारा कारभार कोणाचा, हे सांगायची गरजही नव्हती.

पहिल्याच चित्रात माकेर चेल्याला म्हणतो, चल, आपण बँक काढू, खरीखुरी बँक, भांडवल अब्जावधी, शेअरही अब्जावधी, सगळ्या बँकांना बुडवू, सगळ्यांना बुडवू. बेर्त्रां बिचारा घाबरून विचारतो, अहो पण पोलीस?

माकेर म्हणतो, किती रे मूर्ख तू बेर्त्रां, लखपतीला कधी कोणी अटक करतं का?